सावनेरहून आणलेली बाटली

काल बाल्कनीतल्या गुलाबांसाठी आणलेल्या कीडनाशकाचं झाकण उघडलं आणि लसणासारखा उग्र वास आला. तोच वास.

तेव्हा मी वॉर्डात नवखी डॉक्टर होते. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेली सावनेरची एक बाई भरती होती. कुठलं विष ते वासावरूनच कळलं होतं, इंजेक्शनंही सुरू होती. पण तिचा नवरा तिचा हात सोडेना, मला सलाईन बघायला अडचण होत होती. म्हणून म्हटलं, "गावी जाऊन औषधाची बाटली घेऊन या."

तो परतला तोवर ती गेली होती.

दारातच त्याने रुमालात गुंडाळलेली बाटली पुढे केली. "उशीर तं नाही झाला ना, मॅडम?"

मी बाटली घेतली आणि लेबल वाचत राहिले.