वसंतकाकांचा अँप कुठे असायचा

वसंतकाका बहिरे होते.

आज लिहायला हरकत नाही. आज सकाळी ते गेले. ताडकळसला, घरीच.

ज्यांनी त्यांना फक्त स्टेजवर पाहिलंय त्यांना हे खोटं वाटेल. आमच्या ऑर्केस्ट्रात ते हवाईयन गिटार वाजवायचे. तीच, मांडीवर आडवी ठेवून तारांवरून स्टीलची कांडी सरकवतात ती. कांडी केसभर इकडंतिकडं झाली की सूर गेला. सगळा खेळ कानाचा.

आणि कानच गेले होते.

मी आयटीआय अर्धवट सोडून नांदेड, निजामाबाद असं कुठंकुठं भटकून परत आलो आणि ऑक्टोपॅडवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या त्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर, बसलो, तेव्हापासून काका माझ्या शेजारी. निजामाबादला एका लग्नाच्या बँडमध्ये झांजा वाजवल्यात मी. तिथला मालक वरातीच्या घोड्याला माझ्याआधी जेवायला घालायचा. असो, विषय काकांचा आहे.

तर काकांचा अँप. म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा लाकडी खोका.

सुरुवातीला तो मागं असायचा, ड्रमच्या बाजूला, जमिनीवर.

मग काकांच्या खुर्चीमागं आला.

मग स्टुलावर चढला.

मग दुसरी खुर्ची मागायला लागले. अँप खुर्चीवर, तोंड थेट उजव्या कानाकडं.

आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला मोठेपणा पाहिजे. सगळ्यांत वर माझाच आवाज.

"काका, आता मांडीवरच घ्या त्याला," आमचा कीबोर्डवाला म्हणायचा.

"मांडी रिकामी न्हाई बाबा. तुझ्या डोक्यावर ठेवू का? तिथं जागा लय हाय."

सगळे हसायचे. राजूभाऊ सोडून. राजूभाऊ म्हणजे गायक आणि ऑर्केस्ट्राचा मालक.

"काका, माझ्या माइकात नुसती तुमची गिटार यायलीय. अँप मागं घ्या."

"हवाईयनवाल्याचा अँप पाठीशीच पाहिजे राजू. तसा कायदाच हाय."

असा काही कायदा नाही. पण म्हणायचे इतक्या ठामपणे की राजूभाऊ गप बसायचा.

पोखर्णीच्या जत्रेला गप नाही बसला.

नवा साउंडवाला होता, भिंतीएवढे बॉक्स. राजूभाऊनं काकांचा अँप टेम्पोतून उतरूच दिला नाही.

"लाइन डायरेक्ट मिक्सरला द्या. समोर मॉनिटरचा स्पीकर हाय की, त्यात ऐका."

"मॉनिटरमध्ये मला माझं कळत न्हाई रे."

"सगळ्यांना कळतं. तुमालाच कामून न्हाई कळत?"

काका खुर्चीवर बसले, गिटार मांडीवर घेतली, रुमालानं कांडी पुसली.

पहिल्याच गाण्यात सूर वर गेला. थोडासाच. पण पार चुकलेल्या सुरापेक्षा तो थोडासाच वर गेलेला जास्त बोचतो. लोक एकमेकांकडं बघायला लागले. काकांचे डोळे मिटलेले. रंगून वाजवायलेत.

राजूभाऊनं गाता गाता साउंडवाल्याकडं बघून हात खाली केला.

साउंडवाल्यानं गिटारचा आवाज बंद केला. मिक्सरवरूनच.

त्यानंतर काकांनी अख्खा प्रोग्राम वाजवला. मैदानात एक सूर ऐकू गेला नाही. त्यांच्या जागा कीबोर्डवाल्यानं भरल्या.

काकांना पत्ता नाही.

प्रोग्राम संपल्यावर तारा पुसत विचारलं, "बरं झालं ना रे?"

"एक नंबर काका," राजूभाऊ म्हणाला.

आणि परत कधी बोलावलं नाही.

मध्ये मी एकदा बाजारच्या दिवशी ताडकळसला गेलो. काकांच्या घरचं दार उघडंच होतं. अँप पलंगावर. काका खाली बसलेले, गिटार मांडीवर, आणि जबडा अँपच्या लाकडी खोक्यावर दाबून धरलेला. एखादं आजारी लेकरू आईला चिकटतं तसा.

वाजवायलेत.

आणि सूर एकदम बरोबर. एक सुद्धा इकडंतिकडं नाही.

काकू दाराशी आल्या. हळू बोलायची गरज नव्हती तरी हळू बोलल्या.

"त्यायला ऐकू यायना. लय वर्षं झाली. बोलणं ओठावरून वळखतेत. असं टेकवलं की हाडातून कळतं म्हणतेत."

"कानाचं मशीन?"

"आणलं होतं. स्टेजवर घालायचे न्हाईत. लोकायला दिसतं म्हणे. अन् त्याच्यात सूर फाटका येतो."

म्हणजे अँप पुढं पुढं यायचा तो मोठेपणासाठी नाही. जसजसा कान मागं पडत गेला तसतसा अँप जवळ येत गेला.

काकांनी मला पाहिलं. काकूंचा चेहराही पाहिला. समजले.

"राजूला बोलू नको," म्हणाले. "पोखर्णीला लय चांगलं जमलं होतं. बोलवील तो. सीझन लागू दे."

शर्टच्या खिशावर हात ठेवला. मोबाइल तिथं, व्हायब्रेटवर. फोन आलेला छातीला कळावा म्हणून.

सीझन लागला. संपला.

फोन आला नाही.

आज स्मशानात राजूभाऊ माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. डोळे लाल. खरंच रडला होता. काकूंनी सकाळी त्याला सगळं सांगून टाकलं होतं.

"मला सांगायचं ना रे त्यांनी. अँप डोक्याला बांधून दिला असता मी."

"दिला असता?"



"न्हाई," म्हणाला. "बहिरा गिटारवाला कोण ठेवतं?"

म्हणून तर सांगितलं नाही, राजूभाऊ.

काका, पोखर्णीचा प्रोग्राम चांगला झाला असं मनात धरून गेलात. आमच्यातल्या कुणीच खरं सांगितलं नाही. आता कोण सांगणार.

जा सावकाश.

तुमच्या ऑक्टोपॅडवाल्याचा शेवटचा नमस्कार. श्रद्धांजली.