फणसाच्या फळीतला खिळा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवळात हात जोडून उभा राहिल्यावर मनातल्या मनात सुरुवात करायचो — आणि मग दुसरंच काहीतरी मागून बाहेर यायचो. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. ज्या टेबलावर कागद ठेवून लिहितोय, ते टेबल करताना एका माणसाचा हात गेला. लोक म्हणतात दारूमुळे गेला. तो कशामुळे गेला, हे मला माहीत आहे.

ऐंशीनंतरची ती वर्षं कॅसेटची होती. मी आचऱ्याला शाळेत मास्तर, तिशीच्या आतला. आमच्याकडे डबलबारीचं वेड — दोन भजनी बुवा समोरासमोर, रात्रभर सवाल-जवाब. ते कुणीतरी नीट टेप करावं असं मला फार वाटायचं. घरामागचा मांगर, ज्यात आम्ही गवत आणि नारळ ठेवायचो, तो मी रिकामा केला. भिंतींना जुन्या गोधड्या टांगल्या. मुंबईहून चुलतभाऊ दोन टेपरेकॉर्डर आणि एक मिक्सर पाठवणार होता. राहिलं होतं फक्त टेबल.

टेबलाचं काय एवढं, असं वाटेल. पण दोन्ही टेप शेजारी-शेजारी हवेत, मिक्सर हाताखाली हवा, खाली अ‍ॅम्प्लिफायरला फळी हवी, आणि कुणी पेटीचा भाता जोरात मारला तरी हलता कामा नये. कणकवलीच्या दुकानातलं टेबल मला परवडणारं नव्हतं, आणि ते डुगडुगत होतं. मग खाडीवर मोडीत निघालेल्या एका होडीच्या फळ्या मिळाल्या. फणसाच्या. जुन्या, पण घट्ट. मी बैलगाडीतून घरी आणल्या तेव्हा किती खूश होतो, सांगू?

सुतार ठरला इनास मेस्त. वाडीपलीकडच्या खुरसाजवळ, म्हणजे क्रुसाजवळ, त्यांचं घर. हात असा की लाकूड ऐकायचं. पण गावात त्यांची खरी ओळख व्हायोलिनची. मे महिन्यात वाडीवाडीतल्या खुरसांपुढे ख्रिस्ती लोक लदीन गातात, त्या प्रार्थनेला इनास मेस्तांचं व्हायोलिन नसेल तर माणसं सुरू करायला तयार नसत. मजुरीचं विचारलं तर म्हणाले, अर्धीच द्या, पण टेबल झालं की माझं वाजवणं एकदा टेपात धरा. आपण कसे वाजवतो हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

फळ्या बघून ते हसले. “मास्तरानू, स्टुडियो मुंबयचो आणि टेबल होडयेचो. गाणां खारट येतलां हां.”

मग त्यांनी एकच काम मला सांगितलं. जुनं लाकूड ज्याचं, खिळे त्याने काढायचे — ही त्यांच्या कामाची रीत. सुतार हत्यार घालण्याआधी विचारतो, मालक हो म्हणतो, आणि त्या शब्दावर सुतार हात घालतो. होडीच्या फळीचं वाईट असं की खारं पाणी खिळ्याचं डोकं खातं. अंग आत तसंच राहतं. वर दिसतो तो फक्त तांबूस डाग.

मी चार संध्याकाळी खिळे काढले. तळहाताला फोड आले. शेवटच्या फळीत दोन डाग होते. एकातला खिळा निघाला. दुसऱ्याला पक्कड धरेना. छिन्नीने खोदून काढता आला असता — तासाभराचं काम. पण मिक्सर दुसऱ्या दिवशी येणार होता, रविवारी बुवांना बोलावलं होतं. मी डागावर बोट फिरवलं. गुळगुळीत लागलं. मला माहीत होतं आत काय आहे. हे नीट लिहितो, कारण इथे मला निसटायची सवय आहे: मला माहीत होतं.

सकाळी इनास मेस्त आले. कोरा चहा घेतला. वाकस काढला — आडव्या पात्याचं, तासायचं हत्यार — आणि डाव्या हाताने फळी धरून विचारलं, “खिळे सगळे काढलात मां?”

“काढलंय सगळे,” मी म्हणालो.

वाकस खिळ्यावर बसला आणि उसळून त्यांच्या डाव्या हातावर आला. ते हाताकडे बघत खाली बसले, एवढंच. तीन बोटं. ज्या हाताची बोटं व्हायोलिनच्या तारांवर फिरतात, त्या हाताची.

मालवणला नेलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, इतक्या कसबी माणसाचा हात सुटला कसा? प्यायला होता का? आणि मी — कुणी मला ढकललं नव्हतं, समोर फक्त एक प्रश्न होता — मी म्हणालो, थोडी घेतली असेल. दाराशी इनास मेस्तांची बायको कारमेलीनबाय उभ्या होत्या.

दुपारी घरी येऊन मी तो खिळा छिन्नीने काढला. अर्धा तासही लागला नाही. खाडीत टाकला.

इनास मेस्त एके काळी पीत असत. मुलगी तापातून उठली तेव्हा सोडली, त्याला आठ वर्षं झाली होती. गावाला ती आठ वर्षं लक्षात राहिली नाहीत, आधीची राहिली. एस्टी थांब्याच्या कट्ट्यावर कुणी म्हणालं, “मेस्तान परत बाटलयेक हात घातल्यान, म्हणान हात गेलो,” तेव्हा दोघंतिघं हसली. मी तिथेच होतो. मी एस्टी येते का ते बघत राहिलो.

आठवड्याने कारमेलीनबाय माझ्याकडे आल्या. घरापुढच्या खळ्यातच उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. म्हणाल्या, “मास्तरानू, एकच इचारतंय. ते खुरसार हात ठेवून सांगतत, थेंब घेवक नाय. तुमी थंय होतात. तुमी सांगशात तां खरां.”

तुम्ही सांगाल ते खरं. कधी कुणी तुमच्या हातात एवढं ठेवलंय? तेव्हाही वेळ गेली नव्हती. बोटं गेली होती, पण घरात त्या माणसाचा शब्द तरी उरला असता. मी त्यांच्या पायांकडे बघत म्हणालो, “मी पिताना बघूक नाय, बाय. पण वास येय होतो.”

त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या.

दोन महिन्यांनी इनास मेस्त हत्यारं न्यायला आले. टेबल तोवर दुसऱ्याने पुरं केलं होतं. त्यांनी वाकस उचलला, उजव्या अंगठ्याने धार चाचपली. धारेला खाच होती. हाडावर लागून अशी खाच पडत नाही, लोखंडावर पडते, हे त्यांना कळलं नसेल? ते खाच चाचपत राहिले. मग टेबलाकडे बघून म्हणाले, “बरो झालो टेबल.” त्यांनी मला विचारलं नाही. मी वाट बघत होतो, की त्यांनी विचारावं. का? स्वतःहून बोलायला तोंड नव्हतं?

त्यानंतर त्यांना कुणी काम दिलं नाही. पिऊन हत्यार चालवणारा सुतार कोण घरी बोलावणार? पुढच्या मे महिन्यात लदीनला बाहेरून वाजवणारा आणला. ते मागच्या बाजूला हात पाठीशी धरून उभे होते. दोन वर्षांनी खरोखर प्यायला लागले, आणि लोक म्हणाले, बघा. त्यांना पुरलं त्या दिवशी मी गेलो होतो. मूठभर माती टाकली, सगळ्यांसारखी.

माझा स्टुडिओ चालला. पुष्कळ भजनं टेप झाली, कॅसेटवर माझं नाव यायचं, लोक मान द्यायचे. टेबल कधी हललं नाही. आता टेप गेले, मांगरात पुन्हा नारळ आहेत, टेबल मी ओटीवर आणलंय. डाव्या कडेला खिळ्याचं भोक आहे. त्यावर मी इतकी वर्षं काही ना काही ठेवत आलो — कॅसेटचा डबा, पाण्याचा तांब्या. आज काही ठेवलेलं नाही.

कारमेलीनबाय अजून आहेत. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. आजही कुणी विषय काढला तर सांगतात, दारवेन खाल्ल्यान तेंका, खुरसार हात ठेवून माझ्याकडे खोटां बोलले.

ते खोटं बोलले नव्हते. त्या सकाळी इनास मेस्तांनी माझ्याकडचा कोरा चहा घेतला होता. दुसरं काही नाही.