शेठचे बूट, सुदामचे बूट

तेरा वर्षं सर्व्हिस झाली तेव्हा माझं पोस्टिंग आर्मी स्टेशनच्या गोल्फ कोर्सवर आलं. त्याआधी मी दोन हिवाळे बर्फात काढले होते. ऑर्डर वाचली तेव्हा वाटलं, क्लार्कची चूक झाली. चूक नव्हती. रायफल जमा केली आणि दुसऱ्या दिवशी ०५३० ला बुटांच्या रॅकसमोर उभा राहिलो. माझी ड्यूटी होती येणाऱ्या पाहुण्यांचे बूट तपासायचे आणि चुकीचे असतील तर बदलायला लावायचे.

त्या कामाची मला किळस होती, हे लपवत नाही. पण ड्यूटी ती ड्यूटी. तीन वर्षांत जे शिकलो ते पोस्टकार्डावर मावेल. गोल्फच्या बुटाच्या तळाला रबराचे किंवा प्लॅस्टिकचे दाते हवेत. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरवताना सगळं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं. तळ घसरला की माणूस घसरला. लोखंडी खिळे नकोत, ते गवत फाडतात. पळायचे बूट नकोत, त्यांचा तळ मऊ असतो आणि पाय वळतो. बूट संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. जो मोजा घालणार तोच घालून बघावा. टाच उचलली जाऊ नये, अंगठा पुढं टेकू नये. सकाळी दवात खेळणार असाल तर पाणी शिरणारा बूट घेऊ नका. आणि गुळगुळीत चामडी तळाचा बूट फक्त लग्नात घालावा.

एवढंच आहे. पण शिकलेल्या माणसांना हे समजत नाही. बुटाचा रंग पट्ट्याला जुळतो का, ते बघतात. बूट उलटा करून तळ बघणारा माणूस मला क्वचित भेटला.

नायब सुभेदार होऊन मी रिटायर झालो आणि खुटबावला घरी आलो. शेतीत भाऊ होता, माझी गरज नव्हती. शिक्रापूरच्या पुढं, जिथं पूर्वी बाजरी व्हायची, तिथं बंगले आणि गोल्फ कोर्स उभा राहिला होता. त्यांना मार्शल, म्हणजे मैदानावर देखरेख ठेवणारा माणूस, पाहिजे होता. मी गेलो. आयुष्यभर ज्या खेळाला नाक मुरडलं, त्याचाच पगार घेऊ लागलो.

माझ्या हाताखाली मी नाईक सुदामला आणलं. सुदाम पाबळचा. वडील मेंढरं राखायचे, त्याच्या वेळेपर्यंत दोन एकर शेत झालं होतं. पलटणीत तो माझ्या सेक्शनला होता. सतरा वर्षं सर्व्हिस, एकही रेड एंट्री, म्हणजे शिक्षेची नोंद, नाही. बोलायचा कमी. पाण्याचे स्प्रिंकलर आणि तळं त्याच्याकडं होतं.

त्या तळ्याबद्दल सांगायला हवं. आपल्याकडच्या शेततळ्यासारखंच ते होतं. उतार, त्यावर काळा प्लॅस्टिकचा कागद, कागदावर शेवाळ. आत गेलेला माणूस पोहत राहू शकतो, पण वर चढू शकत नाही. काठाला दोर आणि ट्यूब बांधा, असं मी मॅनेजरला दोनदा लेखी दिलं. ते म्हणाले, "सुभेदार, फोटोत बरं दिसत नाही."

डिसेंबरातली सकाळ होती. ०६४० ला एका मेंबरचे पाहुणे आले. आपल्याच भागातले. कंपन्यांना जमिनी मिळवून देऊन मोठे झालेले गृहस्थ. नाव सांगत नाही, सगळे शेठ म्हणत. पायात टोकदार बूट, चकचकीत चामडी तळ. मी आडवा आलो.

"शेठ, हे बूट चालणार नाहीत. दव आहे. आमच्याकडचे देतो, तुमच्या मापाचे आहेत."

"दुसऱ्याच्या पायातलं मी घालीन व्हय?"

"नवीन आहेत."

"सुभेदार, आमच्या बापानं ह्याच रानात बैलं चारली. मला गवतावर चालाय शिकिवता का तुम्ही?"

त्यांना घेऊन आलेले मेंबर हसले. मॅनेजरनी मला डोळ्यांनी बाजूला व्हायला सांगितलं. मी बाजूला झालो. बर्फात एका ऑफिसरचे ओले मोजे मी जबरदस्तीनं बदलायला लावले होते, आणि इथं बाजूला झालो. पगार महिन्याला येतो, अक्कल येत नाही.

०७१५ ला शेठचा चेंडू तळ्याच्या काठी गेला. चेंडू सोडून द्यायचा असतो. शेठनी सोडला नाही. उतारावर उभं राहून क्लब फिरवला.

मी तीनशे मीटरवर होतो. वॉकीटॉकी वाजला.

"साहेब, सुदाम. पाण्यात माणूस. ओव्हर."

"उतरू नको. पाइप घेऊन येतो. ओव्हर."

"बुडतंय साहेब ते. मी उतरतो."

"थांब. सुदाम, थांब."

उत्तर आलं नाही.

मी आणि दोन माळी स्प्रिंकलरचा पाइप ओढत पोचलो तेव्हा शेठनी सुदामच्या गळ्याला मिठी मारली होती. सुदामनं ती सोडवली, त्यांना मागून धरलं आणि काठाकडं रेटलं. मी पाइप टाकला. शेठच्या हाताला लागला. माळ्यांनी ओढलं. शेवाळावर ते दोनदा मागं घसरले, दोन्ही वेळा सुदामनं खालून खांदा लावला. तिसऱ्यांदा ते वर आले. मी पाइप परत टाकला. पाण्यावर कोणी नव्हतं.

माळ्यांनी आणलेला दोर कमरेला बांधून मी उतरलो. ०७४१ ला सुदाम बाहेर आला. पंचवीस मिनिटं मी छाती दाबली. शिक्रापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं ते मला आधीच माहीत होतं.

त्याच्या पायात गमबूट होते. पहाटे स्प्रिंकलर चालू करताना चिखल होतो म्हणून मीच स्टोअरमधून काढून दिले होते. गमबुटात पाणी भरलं की पायाला धोंडा बांधल्यासारखं होतं, आणि काढायला बसावं लागतं. तळ्यावर काम करणाऱ्या माणसाला गमबूट देऊ नयेत, हे कुठल्याही रंगरुटाला समजतं. मी लोकांच्या पायांकडं बघायचा पगार घेत होतो. माझ्या माणसाच्या पायांकडं मी बघितलं नाही. शेठबद्दल मला जे वाटतं, त्यातलं निम्मं मी स्वतःसाठी ठेवलं आहे.

दहाव्याला शेठ पाबळला आले. गाडी रस्त्यावर चालू ठेवून आले. सुदामची बायको मंगल हिला म्हणाले, "काय लागलं सवरलं तर सांगा." तिनं मान खाली घातली. ते गाडीत बसायला वळले तेव्हा मी आडवा आलो.

"शेठ, त्याचं नाव काय होतं?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "ते... आपला वॉचमन..."

मी बाजूला झालो. गाडी गेली.

माणसं पांगल्यावर मंगलनं मला चहा दिला. म्हणाली, "भाऊ, एक इचारू? तुम्ही तिथं हुता. ह्यांना थांब म्हनला न्हाईत का?"

"म्हणालो, ताई. दोनदा म्हणालो."

"आन् मग?"

"ऐकलं नाही."

तिनं माझा कप उचलला आणि म्हणाली, "सतरा वरसांत कवा तुमची आर्डर मोडली हुती का ह्यांनी?"

"नाही. कधीच नाही."

"व्हय ना. मंग त्या दिशीच कशी मोडली?" ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी नोकरी सोडली. क्लबनं आता फाटकावर पाटी लावली आहे: योग्य बुटांशिवाय प्रवेश नाही. का लावली, ते पाटीवर लिहिलेलं नाही. म्हणून मी इथं लिहितो. नाईक सुदाम, राहणार पाबळ, तालुका शिरूर. वय त्रेचाळीस. त्याला पोहता येत होतं.