कप्तानचाचांची पळी

कप्तानचाचांबरोबर पक्षी बघायला जायचं म्हणजे आधी कपडे बदलायचे. उजाडायच्या सुमारास पाहुणे त्यांच्या अंगणात उतरले की चाचा चहाच्याही आधी सगळ्यांना रांगेत उभं करायचे आणि नखशिखांत न्याहाळायचे. कुणी लालभडक, पिवळंधमक घालून आलं असेल तर "लग्न वरच्या वाडीत आहे, इथं नाय," म्हणायचे आणि पडवीतल्या पोत्यातून धुऊन धुऊन मातकट झालेला एखादा अंगभर बॉयलर सूट काढून त्याच्या हातात द्यायचे. पुण्याच्या एका टापटीप बाईंना तो सूट चढवून, बाह्या दुमडून दुमडून वर सारत बांधावरून चालताना मी पाहिलंय. त्या दिवशी त्यांना नवरंग अगदी जवळून दिसला. मग सूट उतरवायलाच तयार होईनात.

कप्तान हे नुसतं म्हणायला. चाचांनी आयुष्यात जहाज काही चालवलं नाही, ते जहाजावर स्वयंपाकी होते. नोकरी संपवून राजापूरजवळच्या आपल्या गावी परतले तेव्हा डोक्यावर पांढरी टोपी आणि गळ्यात दुर्बीण होती, एवढ्यावर गावाने त्यांना कप्तान करून टाकलं. जहाजावर फावल्या वेळात पक्षी बघायचा नाद लागला होता, तो इथे येऊन पार बळावला. मी मिरजोळ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते. एका रविवारी मैत्रिणीबरोबर सहज गेले आणि चिकटले ती चिकटलेच. पुढे पाहुण्यांचे फोन घेणं, त्यांना रस्ता सांगणं ही कामंही माझ्या गळ्यात पडली. चाचा मला "बाय" म्हणायचे आणि हक्काने राबवून घ्यायचे.

पक्ष्यांची पुस्तकातली नावं त्यांना फारशी यायची नाहीत, आणि त्याचं त्यांना काही वाटायचंही नाही. त्यांनी आपली नावं ठेवली होती, सगळी जहाजावरची. खाडीत एका पायावर ताटकळणारा बगळा हा चीफ ऑफिसर, कारण तोही काही न करता रुबाबात उभा असायचा. पावसाच्या तोंडावर येणारा इवलासा तिबोटी खंड्या म्हणजे बंदरावर नटूनथटून उतरणारा नवा खलाशी. एखादा पाहुणा पुस्तक उघडून खरं नाव सांगू लागला की चाचा खूश व्हायचे, "वाच वाच, मोठ्याने वाच," म्हणायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा चीफ ऑफिसरच.

"आज दिसेल ना नक्की?" हा प्रश्न मात्र त्यांना खपायचा नाही. "मी त्याचा बाप आहे काय?" असं सरळ तोंडावर विचारायचे. थंडीत किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. लोक त्यांना शेव-फरसाण उधळतात आणि घोळक्यात उभे राहून फोटो काढतात. ते दिसलं की चाचांचं डोकं सणकायचं. "केवढ्या लांबून आलेला पाहुणा तो, मासळी खाणारा, आणि त्याच्यापुढे फरसाण टाकता? तुमच्या घरी असंच करतात?" माणसं ओशाळून पुड्या खिशात घालायची. मला मेलीला हसू आवरायचं नाही.

पण त्यांचा खरा जीव होता धनेशावर. त्यांच्या गावामागच्या देवराईत उतारावर एक जुनं बेहड्याचं झाड आहे. त्याच्या ढोलीत दरवर्षी धनेशाची जोडी घरटं करायची. मादी ढोलीत शिरते, दार लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत आतच बसते. तिला भरवायचं ते नराने. रोज, दिवसभर. चाचा पाहुण्यांना ते लांबच्या वळणावरून दाखवायचे. पुढे एक पाऊल टाकायला मनाई, कुणीही असो. "तिने सगळा भरवसा एकावर टाकलाय. आपण त्याला बिचकवला तर ती आत मरेल," एवढंच सांगायचे, आणि मोठमोठे कॅमेरेवालेसुद्धा निमूट उभे राहायचे.

एका एप्रिलमध्ये तो नर मेला. पालीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत विजेच्या तारेखाली पडलेला कुणीतरी पाहिला आणि चाचांना कळवलं. मेला तो आपलाच का, हे कसं कळणार? चाचा दिवसभर वळणावर बसून राहिले. ढोलीकडे कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "बाय, सगळ्या पाहुण्यांना नाही म्हणून कळव. आता पावसापर्यंत कुणी नको." ऐन हंगाम होता. चाचांच्या घरचं वर्ष पाहुण्यांच्या पैशांवरच निघायचं. मी वही काढली आणि एकेकाला फोन लावत बसले.

वनखात्याच्या माणसाला विचारून त्यांनी ठरवलं, आपणच भरवायचं. वरच्या बाजूच्या दगडी गडग्यावर उभं राहिलं तर ढोली फार उंच नव्हती. आंबे उतरवायची लांब घळ घेतली, तिच्या टोकाची जाळी सोडली आणि तिथे चाचीच्या स्वयंपाकघरातली पळी घट्ट बांधली. शेवटी स्वयंपाकीच तो! पळीत पिकलेली उंबरं घालून काठी फटीपाशी नेली. आतून काही हालचाल नाही. पहिला दिवस तसाच गेला. चाचांचे दंड थरथरत होते तरी काठी खाली घेईनात. त्यांना काही म्हणायची सोय नव्हती, चाचीने दोनदा म्हणून बघितलं आणि बोलणी खाल्ली.

तोडगा काढला तो चाचीनेच. धनेश येतो तेव्हा त्याच्या पंखांचा घुम्म घुम्म आवाज लांबूनच येतो. चाची दुसऱ्या दिवशी घरातलं सूप घेऊन आली आणि गडग्याआड उभी राहून दोन्ही हातांनी वारा घालू लागली. चाचांनी काठी वर केली. फटीतून चोचीचं टोक आलं, मागे गेलं, पुन्हा आलं आणि पळीतलं एक उंबर उचलून आत गेलं. ती सुपाच्या आवाजाला फसली की भुकेपुढे हरली, देव जाणे. चाची सूप हलवायची थांबेना आणि चाचा नुसते "हां, हां, खा गो बाय, खा," म्हणत होते. मी त्या दोघांकडे बघत उभी होते आणि मला हुंदका आवरत नव्हता.

मग ते रोजचंच झालं. गावातली माणसं उंबरं, वडाची फळं आणून पडवीत ठेवायची. कुणी हे, कुणी ते. आतून पिल्लाचा आवाज येऊ लागला तसे चाचा जुनी हिरवी चादर पांघरून उभे राहू लागले. बघण्यासारखं ध्यान दिसायचं. मी चेष्टा केली तर म्हणाले, "पिल्लानं माणसाचं तोंड बघून तोंड उघडायला शिकता कामा नये. मग ते जगणार नाय." मला एकदा काठी धरायला दिली, तीही बोलायचं नाही या अटीवर.

पावसाचे ढग जमू लागले तेव्हा एका सकाळी आम्ही तिघं गेलो तर ढोलीचं लिंपण फुटलेलं होतं. आत कुणी नाही. फांद्या पाहिल्या, मागचं रान पाहिलं, काही नाही. चाचा चादर गुंडाळून गडग्यावर बसले. "दिसली असती तर बरं झालं असतं हो," मी म्हटलं. "नाय," ते म्हणाले, "आपल्याला न विचारता गेली, ते बरं झालं." आणि असं म्हणून रडायला लागले. चाची म्हणाली, "अहो, गेली ना सुखरूप? मग रडताय कशाला?" चाची शेजारी बसली आणि पळीची गाठ सोडू लागली.

चाचा पुढच्या वर्षी गेले. झोपेतच. आता पाहुण्यांना मी नेते. बोलायला लागले की त्यांचेच शब्द तोंडी येतात आणि त्याचं मला बरं वाटतं.

यंदा मार्चमध्ये एकटीच देवराईत गेले होते. बेहड्याच्या ढोलीला ओलं लिंपण दिसलं. नर दिसायची वाट न बघता वळणावरूनच मागे फिरले आणि थेट चाचीकडे गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, ढोलीत पुन्हा मादी बसलीय. तिचे हात थांबले. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तो येतोय ना भरवायला?"

"येतोय," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

चाचीने मान हलवली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.