फणसाच्या पानातला बर्फ

एप्रिलचा दुसरा सोमवार. आकडा एक हजार मिलिलिटर. हजर होतो आम्ही चौघे: खाटेवर आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या पायाशी माझी बायको सुमन, वही घेऊन मी, आणि दाराच्या चौकटीला टेकून, कोणी न बोलावता आलेली शेजारची शेवंताक्का.

आप्पांना त्याच दुपारी बेळगावच्या दवाखान्यातून घरी आणलं होतं. हृदय दमलं होतं, त्यामुळे अंगात पाणी साठत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की मीठ जवळजवळ बंद, रोज सकाळी वजन करायचं, आणि दिवसभरात सगळं मिळून एक लिटर पाणी. आप्पांचा जन्म लाकडाच्या डेपोत ओंडके मोजण्यात आणि राखण्यात गेलेला. उन्हातून आले की तांब्या तोंडाला लावून रिकामा करूनच खाली ठेवायचे. एक लिटर ऐकल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बैलाला बी कुणी मापून पाजत न्हाई रं."

मी वहीत रकाने आखत होतो. बोलली ती शेवंताक्का.

"एक लिटरची फुलपात्री किती झाली, लेक्कवाले?"

लेक्क म्हणजे कानडीत हिशेब. मी रामनगरच्या भात गिरणीत हिशेब लिहितो, म्हणून तिने मला हे नाव ठेवलं होतं. मी सांगितलं, "दीडशेच्या मापानं सहा. शंभर उरतात."

"मग ते उरलेले शंभर माझ्याकडं द्या," ती म्हणाली आणि निघून गेली.

शेवंताक्का तेव्हा पासष्टच्या आसपास होती. आता ती लेकीकडे गोव्यात राहते आणि तिच्या घराला कुलूप आहे. तीस वर्षं तिने कॅसलरॉकच्या फलाटावर फळं विकली. घाट उतरण्याआधी तिथे गाडीला जादा इंजिनं जोडतात, तेवढ्या वेळात टोपली घेऊन ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाई. करवंदं, जांभळं, फणसाचे गरे. सगळं पानाच्या सुळक्यात, म्हणजे खाली निमुळत्या पुडीत, भरलेलं, आणि प्रत्येक सुळका सारखा. "पहिल्या डब्याला भरून नि शेवटच्या डब्याला पोकळ, असं केलं की दुसऱ्या दिशी गाडी वळखती आपल्याला," असं ती सांगायची. तीस वर्षांत स्वतःच्या टोपलीतलं एक करवंद तिने तोंडात टाकलं नव्हतं. फळ पिकलं की नाही, ते नाकाने ठरवायची. "टोपलीवालीनं टोपलीत हात घातला की हाताला सवय लागती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फणसाची पानं घेऊन आली. आमच्या भागात फणसाच्या पानांचे द्रोण करून त्यात इडली वाफवतात, ते सर्वांना ठाऊक आहे. अक्काचं काम वेगळं होतं. एक पान गुंडाळायचं, त्याचा सुळका करायचा आणि नारळाच्या झावळीच्या हिराच्या, म्हणजे कडक काडीच्या, तुकड्याने टोचून बंद करायचा. पिकलेलं फळ हाताने कुस्करून फडक्यातून गाळायचं. साखर नाही, मीठ तर नाहीच. मग तो रस सुळक्यात ओतायचा आणि मधोमध बांबूची काडी धरायची.

"किती मावतं यात?" मी विचारलं.

"तुमीच मापा. माप हाय न्हवं तुमच्याकडं?"

माझ्याकडे खोकल्याच्या औषधाचं बूच होतं, पंधरा मिलिलिटरचं. एक बूच ओतलं आणि पान काठापर्यंत भरलं. शंभरात सहा पानं बसली. उरलेले दहा मी सांडलवंडीत धरले.

सुळके फ्रीजमध्ये उभे राहीनात, म्हणून तिने माझ्याकडून गिरणीतला पोतंभर तूस मागितला. सबंध काळात तिने मागितलेली ती एकच वस्तू. पत्र्याच्या डब्यात भाताचा तूस भरून त्यात तिने सहा सुळके खोचले आणि डबा फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल ते सांगता येत नाही. तुसात मात्र वीज गेल्यावरही तीन-तीन तास बर्फ टिकायचा. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

फ्रीज उघडण्याआधी ती बोटाच्या पेराने त्यावर दोनदा टकटक करायची. सुमन हसायची. अक्का म्हणायची, "आत कुणी झोपलं असंल तर? सांगून उघडावं."

दुपारी एक ते तीन ही आप्पांची सर्वांत वाईट वेळ. पत्रा तापायचा, ओठ सुकायचे आणि डोळे कोपऱ्यातल्या घागरीवरून हलायचे नाहीत. त्या वेळी मी गिरणीत, सुमन रात्रीच्या जागरणाने पेंगलेली. अक्का स्टूल ओढून आप्पांजवळ बसायची. पान सोलायची. बर्फावर पानाच्या शिरा उमटलेल्या असायच्या, अगदी देठापासून टोकापर्यंत. आप्पा आधी त्या शिरांवरून बोट फिरवायचे.

त्यांचा एक खेळ ठरून गेला होता. आप्पांनी डोळे मिटायचे, बर्फ जिभेवर धरायचा आणि फळ ओळखायचं. फळ तर लगेच कळायचं. खरी पैज ते कोणत्या झाडाचं यावर होती. एका रविवारी मी घरी असताना ऐकलं ते असं:

"आंबा. सड्यावरचा."

"चुकलात. सड्यावरच्याला एवढा वास असतो व्हय?"

"मग नाल्याकडचा. वाकडा हाय बघ एक, वीज पडलेला."

"आत्ता कसं!"

"त्याला अजून आंबं लागत्यात?"

"अर्धा जळला म्हणून अर्ध्यानं काय करायचं, बसून ऱ्हायचं?"

आप्पा हसले. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच. मला ते वहीत कुठे लिहावं कळेना, तसा रकाना नव्हता.

मी अक्काला विचारलं होतं, पंधरा मिलिलिटरचं तर पाणीही देता येतं, एवढी खटपट कशाला? ती म्हणाली, "पाण्याचा घोट आला नि पळाला. बर्फ घटकाभर बसून बोलतो. पाण्यापेक्षा म्हाताऱ्याला ते जास्त पायजे."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वजन वाढलं. तीन दिवसांत दोन किलो चारशे ग्रॅम. पाय सुजले, उशी उंच केल्याशिवाय श्वास पुरेना. मी वही तीनदा तपासली. सकाळपासून रात्रीपर्यंत पाणी, चहा, ताक, औषध, सगळं धरून रोजचे हजार. कधी नऊशे नव्वद. वही बरोबर होती. म्हणजे चूक वहीबाहेर होती, आणि वहीबाहेर दिवसाचे दोनच तास होते, एक ते तीन.

मी दुपारी गिरणीतून मध्येच घरी आलो. अक्का पानं टोचत बसली होती. मी उभ्यानेच म्हणालो, "अक्का, खरं सांगा. आप्पांनी मागितलं की तुम्ही जास्तीचं देता ना?"

तिने हातातला सुळका पुरा टोचला, मगच मान वर केली.

"मापात चोरी केली असती तर फलाटावर तीस वर्सं टिकले असते व्हय मी?"

"दया आली असेल. मी दोष देत नाही."

"द्या की दोष. पर दयेवर ढकलू नका." ती उठली, पानांची जुडी उंबऱ्यावर ठेवली आणि गेली.

चार दिवस ती आली नाही. आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. फुलपात्र पुढे केलं की तेवढं प्यायचे आणि पुन्हा भिंतीकडे वळायचे. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तुझं लेक्क जुळलं का?" मी म्हणालो, जुळतंय. ते म्हणाले, "मग झालं."

पाचव्या दिवशी त्यांना बेळगावच्या दवाखान्यात दाखवायला नेलं. तिथल्या नर्सबाईंनी माझी वही हातात घेतली, कौतुकाने चाळली आणि विचारलं, "सकाळी काय खातात?"

"पेज. दोन वाट्या."

"ती कुठं लिहिलीय?"

मी जेवणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात मलाच कळलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सकाळची पेज हे जेवण आहे. पेज पितो असं कोणी म्हटलं तरी तिला पाणी कोणी म्हणत नाही. मी ताकाचा थेंब मोजला, औषधाचा मोजला, आणि रोज दोन वाट्या पेज भाताच्या नावावर टाकत राहिलो.

डॉक्टरांनी औषध बदललं. परत आल्यावर आप्पांना खाटेवर निजवून मी तसाच अक्काच्या दारात गेलो. ती भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सालं उन्हात पसरत होती. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि एक वाटी पेज माझ्यापुढे ठेवली.

"घ्या. पाणी न्हाई हां ते, जेवण हाय."

मी मान खाली घातली.

"आता घालून काय उपेग? बूच हाय का खिशात?"

बूच खिशात होतं. त्या दिवसांत ते नेहमीच असायचं. तिने मला तिच्यादेखत वाटी मोजायला लावली. दहा बुचं भरली.

"दहा बुचं म्हंजे माझी दहा पानं. दोन वाट्यांची वीस. सहा पानं देणारी मी चोर, नि वीस पानं सकाळीच पाजणारा तू सावकार."

एरवी ती मला अहोजाहो करायची. त्या दिवशी 'तू' म्हणाली आणि मला बरं वाटलं.

"चुकलं माझं, अक्का."

"मला सांगून काय? जिच्यावरनं मला चोर ठरवलंस त्या वहीत लिव."

मी तिच्यासमोर वहीत तांबड्या शाईने लिहिलं: चूक माझी, पेज धरली नाही, अक्काचं माप बरोबर. तिला वाचता येत नव्हतं. मोठ्याने वाचून घेतलं आणि म्हणाली, "पेज बंद करा. मऊ भात द्या. उद्या येते मी एक वाजता."

मे महिना त्यामानाने बरा गेला. सूज उतरली. रोज सहा पानं. भिरंडाचा तांबडा बर्फ, अननसाचा पिवळा, रसाळ फणसाचा. आप्पा एखाद्या दिवशी म्हणायचे, "शेवंताबाई, सातवं असतं तर?" अक्का म्हणायची, "लेक्कवाल्याला इचारा. माझ्या हातात सहाच हायत." सातवं कधी दिलं नाही. मी आडून पाहत होतो असं नाही, पण आता खात्री होती.

आप्पा गेले तो मेच्या शेवटच्या आठवड्यातला गुरुवार. मी घरी नव्हतो. सुमनने आणि अक्काने सांगितलं ते लिहितो. पहिलं पान करवंदाचं, ते त्यांनी बरोबर ओळखलं. दुसरं पान सोलून दिल्यावर डोळे मिटले, बर्फ जिभेवर धरला आणि काडी हातातच राहिली. अक्का वाट बघत बसली. झाड आठवत असतील असं तिला वाटलं. बराच वेळ तिने त्यांना बोलावलं नाही, कारण खेळात मध्ये बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. मग काडी खाली पडली.

दिवेलागणीला आम्ही सगळं उरकून परत आलो. जिथे माणूस जातो तिथे आमच्यात दिवा लावून शेजारी पाणी ठेवतात. सुमनने दिवा लावला. मी फुलपात्र घेतलं, सवयीने खिशात हात घातला आणि बूच काढलं. पहिलं बूच ओतणार तेवढ्यात अक्काने माझं मनगट धरलं.

"आता मापू नका, लेक्कवाले. तांब्या भरून ठेवा."

मी घागर वाकवून आप्पांचा तांब्या काठोकाठ भरला. थोडं सांडलं. ते मी कशातच धरलं नाही.

सगळे पांगल्यावर मी फ्रीजपाशी गेलो. दोनदा टकटक केली आणि उघडलं. तुसात चार सुळके उभे होते. एक काढून अक्कापुढे धरला. सुमन हळूच म्हणाली, "सुतकाच्या घरचं आहे, अक्का."

"घरचं कुठलं? झाडाचं हाय," अक्का म्हणाली. तिने पान सोललं, शिरांवरून बोट फिरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातचं फळ तोंडात घातलं. डोळे मिटले. आम्ही वाट पाहिली.

"जांभूळ," ती म्हणाली. "डेपोमागचं. औंदाचं पयलंच होतं. त्यांच्या दुसऱ्या पानात बी हेच होतं. त्यांनी वळखलं असणार."

मग एकामागून एक उरलेली तीनही तिने उंबऱ्यावर बसून खाल्ली.

त्या दिवशीची नोंद मी तिथेच केली आणि वही बंद केली. शेवंताक्काच्या वाटणीचे मिलिलिटर नव्वद. आप्पांना दिले तीस. शिल्लक साठ, ते शेवंताक्काला दिले.