आर्लीनच्या गावात सगळे घरी असतात

आर्लीन कांगस हिनं एकतीस वर्षं खाणीच्या वस्त्यांमधून टपाल वाटलं. दुपारी घरी यायची, बूट काढायची, कॉफीचा मग घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि पुन्हा टपालच वाटायची. व्हिडिओ गेममध्ये.

तुम्ही हसाल. मीही हसलो होतो, आणि तेही तिच्या तोंडावर. त्याचं फळ मला त्या नाताळात मिळालं. तिच्या हातचा वेलदोड्याचा पाव रस्त्यावरच्या प्रत्येक घरी पोचला, माझं एक घर तेवढं तिनं वगळलं.

गेम जुना, तिच्या बहिणीनं घर बदलताना फेकून दिलेला. आर्लीननं तो कचऱ्यातून उचलून आणला. त्यात बावन्न घरांचं एक गाव आहे. सकाळ झाली की बोटभर उंचीची टपालवाली खांद्याला पिशवी लावून निघते. दार वाजवायचं, पत्र द्यायचं, आतला माणूस दोन शब्द बोलतो, की पुढचं घर. झाला गेम. जिंकणं नाही, हरणं नाही, कोणी कोणाला मारत नाही. घरांच्या पाट्यांवर आपल्या मनानं नावं घालता येतात, तेवढीच काय ती करामत.

को-ऑप दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर बर्ट पास्को तिला रोज छेडायचा. "काय गं आर्लीन, बेकरीवाला घरी जाऊन पाव भाजतो का? मग तू कशाला घरी जाऊन टपाल वाटतेस?"

"माझ्या गेममधलं कुत्रं चावत नाही, बर्ट. बर्फात गाडी रुतत नाही. आणि मुख्य म्हणजे तू तिथे राहत नाहीस."

बर्टनं तर बोलूच नये. हा गृहस्थ हिवाळाभर खिडकीशी बसून कॉम्प्युटरवर मासे धरतो. वर्षानुवर्षं तेच तळं आणि तोच मासा, आणि खिडकीबाहेर खरं तळं पसरलेलं असतं त्याकडे ढुंकून बघत नाही. मीही काही वेगळा नाही. सकाळी कॉम्प्युटरवर पत्त्यांचा तोच एक डाव लावल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. माझी भाची म्हणते, नव्या गेममध्ये शिकावं लागतं, जुन्यात नुसतं जाऊन बसता येतं. पोरगी बरोबर बोलते. पण आर्लीनचं प्रकरण याहून फार मोठं होतं, आणि ते कळायला मला सव्वीस वर्षं लागली.

मी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा. दुकान कधीच बंद केलं, पण गॅरेजमध्ये टेबल आहे, हत्यारं आहेत, कोणी काही आणलं तर नाही म्हणत नाही. गेल्या मे महिन्यात आर्लीन आली ती हातात भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली गेमची कॅसेट घेऊन. तान्हं मूल धरावं तशी तिनं ती धरली होती.

"रुडी, काल गेम लावला तर विचारतोय, नवं गाव वसवायचं का? मी बंद करून परत लावला तेव्हा जुनं गाव आलं. आज तीनदा करावं लागलं."

"बॅटरी गेली असणार," मी म्हणालो. "या कॅसेटच्या पोटात नाण्याएवढी बॅटरी असते. तिच्या जिवावर तुझं गाव लक्षात राहतं. ती संपली की गाव संपलं."

ती खुर्चीत बसली. कोट काढायचंही तिला सुचलं नाही.

माझ्याकडे तसलं जुनं यंत्र पडलेलं होतं. कॅसेट लावली, दोनदा बंद-चालू केली, आणि पडद्यावर गाव उभं राहिलं. मी चष्मा पुसून पाट्या वाचायला लागलो. नेस्टर लुओमा. बीट्रिस पेनहेल. जीनो बर्तुची. पुढे साल्मी बहिणी, त्यांच्यापुढे तो एका हाताचा क्लॅरेन्स. माझे हात थांबले. नेस्टरच्या शवपेटीला मी खांदा दिला होता. बीट्रिसबाई मुलाकडे ॲरिझोनात गेली आणि तिथेच वारली.

"आर्लीन, हा तर आपला सहा नंबर वस्तीचा रस्ता आहे."

"हो."

"ओळीनं आहे. घरामागून घर."

"ओळीनंच असणार. टपाल ओळीनंच वाटतात." मग तिनं मला सांगितलं, अगदी बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. खाण बंद झाली आणि सहा नंबर रिकामी व्हायला लागली. कोणी मेलं, कोणी गेलं. त्यांच्या नावाचं शेवटचं पत्र आलं की तिला त्यावर शिक्का मारावा लागे, पत्त्यावर कोणी नाही, आणि ते परत पाठवावं लागे. "ज्या दिवशी शिक्का मारायचे ना, त्याच दिवशी घरी येऊन गेममध्ये नाव घालायचे. सकाळी हातानं 'कोणी नाही' असा शिक्का मारलाय, संध्याकाळी त्याच हातानं दार वाजवायचं. तिथे सगळे घरी असतात, रुडी."

मी चाळीस वर्षं लोकांच्या घरातली यंत्रं उघडून बघितली. कुणी टीव्हीमागे पत्रं लपवलेली, कुणी दागिने. पण एका खोक्यात अख्खी वस्ती जिवंत ठेवलेली मी पाहिली नव्हती. हिला आम्ही चिडवत होतो! खरोखर, मला माझीच लाज वाटली.

"सगळ्याची नक्कल करून देणारा एक माणूस आहे मिलवॉकीला," मी म्हणालो. "पार्सल करून पाठवायचं."

"टपालानं?" आर्लीननं माझ्याकडे अशी नजर टाकली की विचारू नका. "मी एकतीस वर्षं टपालात काढली आहेत. काय काय हरवतं ते मला विचार. तूच कर."

"यादी तरी आहे का कुठे लिहिलेली?"

"यादी म्हणजे विसरायची तयारी. नाही केली."

काम तसं अवघड नव्हतं. दोन तारा लावून बाहेरून दुसरी बॅटरी जोडायची. तिच्यावर गाव जगतं, तेवढ्यात जुनी काढायची आणि नवी सोल्डर करायची, म्हणजे कथलानं डाकायची. बाहेरची तार मध्येच सुटता कामा नये, एवढंच पथ्य. हे मी तिला दोनदा समजावून सांगितलं, बोटानं तार दाखवून सांगितलं. तार जोडली. जुनी बॅटरी निघाली. नवी जागेवर ठेवली आणि सोल्डरची तापलेली कांडी उचलली.

आणि माझ्या डाव्या हातानं तार काढली.

मी काढली नाही, हातानं काढली. विद्युतप्रवाह तोडल्याशिवाय कांडी टेकवायची नाही हे माझ्या उस्तादानं मला सतराव्या वर्षी बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं. चाळीस वर्षांत तो हात एकदाही चुकला नाही. तो त्या दिवशीही चुकला नाही, आणि म्हणूनच घात झाला. तार परत टेकवली, पण गेलेलं गाव काही तेवढ्यासाठी थांबत नाही. कॅसेट तशीच यंत्रात लावली, तर पडदा विचारत होता, नवं गाव वसवायचं का?

"आर्लीन, मी..."

ती पडद्याकडे बघत होती. मला वाटलं आता रडेल, नाहीतर हाताला लागेल ते माझ्या डोक्यात घालेल. त्यातलं काहीही चाललं असतं. ती म्हणाली, "आधी ती बॅटरी नीट बसव. मग एक टेबल मोकळं कर."

टेबल मोकळं केलं. ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि डोळे मिटले. टपालघरात सकाळी टपालवाले खणांच्या कपाटापुढे उभे राहून घरांच्या क्रमानं पत्रं लावतात, तसे तिचे हात हवेत चालायला लागले. वर डावीकडून सुरुवात. हात खणापाशी जाई आणि तोंडातून नाव येई. "लुओमा. पेनहेल. बर्तुची, त्याची दोन पत्रं, एक इटलीचं. साल्मी." मध्ये क्षणाचीही खोटी नाही. मी वहीत लिहीत होतो आणि मागे पडत होतो. ज्या माणसांना मीही विसरलो होतो ती एकेक करून माझ्या गॅरेजमध्ये येत होती. रस्ता बंद झाल्यावर तिच्या कपाटावरच्या नावाच्या पट्ट्या टपालघरानं कधीच काढून टाकल्या होत्या. बाईच्या दंडांत त्या शाबूत होत्या.

छत्तीस नावं झाली. सदतिसाव्या खणापाशी हात गेला आणि तिथेच थांबला.

तिनं हात मागे घेतला, पस्तिसाव्यापासून पुन्हा आली. पुन्हा थांबला. "पुढचं घे," मी म्हणालो. अडतीस ते बावन्न घडाघडा आली. सदतीस येईना.

"हिरवं घर," ती म्हणाली. "एकटाच असायचा. कानावरची टोपी. एकोणीस वर्षं मी त्याला टपाल दिलंय, रुडी."

"कोर्टात जुने कागद असतील, उद्या बघू."

"कागदात घराच्या मालकाचं नाव निघेल, घर खाणीचं होतं. फोन नव्हता त्याच्याकडे."

टीव्हीही नव्हता, नाहीतर मला ठाऊक असता. तिचा चेहरा आता कुठे बदलला. "बाकीच्यांना मुलं आहेत, कुणाचा चर्चच्या दफनभूमीत नावाचा दगड आहे. याचं कोणी नव्हतं. हा फक्त माझ्याकडे होता. मी विसरले तर मग तो झालाच नाही." आणि ती रडली. पन्नास वर्षांच्या ओळखीत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि ते माझ्या हातामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी माझ्या दारात. आमच्याकडे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं, पण आर्लीन उजवीकडच्या सीटवर बसलेली, डावा पाय पलीकडे पेडलपर्यंत लांबवलेला, डाव्या हातात स्टिअरिंग, उजवा हात खिडकीबाहेर. खेड्यापाड्यांतून रस्त्याकडेच्या पेट्यांत गाडीतूनच टपाल टाकणारे सगळे असेच चालवतात. पण ती निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, वय अडुसष्ट, आणि गुडघा बदललेला.

"मागे बस. वही आणली? पहिल्या घरापासून जाऊ, मधूनच नाही यायचं." मांडीवर तिनं दुकानातल्या जाहिरातींचा गठ्ठा घेतला होता. "हात रिकामा असला की चुकतो."

सहा नंबरला आता काय उरलंय? पोपलरची झाडं खोल्यांतून वर आलीत. पण रस्त्याकडेच्या खांबांवर पेट्या आहेत, काही तिरक्या, काही नुसते खांब. ती प्रत्येकापाशी गाडी लावायची, हात बाहेर काढायची, नाव म्हणायची, पुढे. लुओमा. पेनहेल. खांबही नसेल तिथे बरोबर त्याच जागी थांबायची. मी मागच्या सीटवर टोपी काढून बसलो होतो. कधी काढली, आठवत नाही.

सदतीस. छप्पर आत बसलेलं, भिंतीवर कुठे कुठे हिरवा रंग. पेटी गंजलेली. तिनं हात घातला. नाव काही आलं नाही. गाडी मागे घेऊन पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली. पेटीचं दार तिच्या हातातच निघालं आणि ती त्याच्याकडे अनोळखी वस्तूकडे बघावं तशी बघत राहिली.

"ही पेटी मला माहीतच नाही," ती हळू म्हणाली. मग एकदम ताठ बसली. "अरे, मी ही कधी उघडलीच नाही! तो उघडू द्यायचाच नाही. इथे उभा असायचा, हात पुढे करून, कुठल्याही हवेत. रुडी, उतर. खांबाशी उभा राहा."

"मी?"

"मग काय बर्टला बोलावू? उतर."

मी उतरलो. खांबाशी उभा राहिलो. "उजवा हात पुढे कर, जरा खाली," ती ओरडली आणि गाडी पार वळणामागे घेऊन गेली. मी त्या मोडक्या घरासमोर हात पसरून एकटा उभा. चिलटं चावत होती आणि मी हात हलवला नाही. एवढी प्रार्थना मी चर्चमध्ये कधी केली नसेल.

गाडी आली. रोजच्या वेगानं आली, खडी करकरली, बरोबर माझ्यासमोर थांबली. आर्लीन माझ्याकडे बघतही नव्हती. तिनं गठ्ठ्यातला वरचा कागद उचलून माझ्या हातात ठेवला.

"हे घ्या, मिस्टर रिंताला. आज नुसतं बियाण्यांचं पुस्तक आलंय. कान झाका, वारा बोचरा आहे."

आणि डावा पाय ब्रेकवरून उचलून ती निघाली पुढच्या पेटीकडे.

मी साबणाची जाहिरात हातात धरून ओरडलो, "आर्लीन! थांब, आर्लीन!"

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वैतागली होती. "आता काय झालं? पुढची पंधरा घरं वाट बघतायत!"

मी वहीत सदतिसाच्या पुढे नाव लिहिलं आणि गाडीमागे धावलो.