गुरुवारी भाजायचा पास्ता

मुलगी बघायला लोक येणार असले की आमच्यात कांदेपोहे करतात. पोह्यांनी कुणाचं लग्न मोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण माझ्या धाकट्या जाऊबाईंना पोहे म्हणजे कमीपणा वाटला. मुलगा कंपनीच्या ट्रेनिंगसाठी इटलीला राहून आलेला, कुरुळीतलं जुनं घराणं, शेतात आता गोदामं उभी. "आणि तुम्ही त्यांच्यापुढं पोहे ठेवणार, ताई? काहीतरी स्टँडर्ड ठेवा!" स्टँडर्ड म्हणजे चीज भरून भाजलेला पास्ता, हे त्यांनी मोबाइलवर बघून ठरवलं होतं. या बाईंनी स्वतःच्या घरी उपीटसुद्धा कधी गुठळीशिवाय केलेलं नाही.

मी ऐकलं, कारण मला ते स्थळ हवं होतं. लेक चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, इंजिनियर. आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता आणि दोन्ही वेळा कारण तेच कळवलं होतं: मुलीला स्वयंपाक येत नाही. येत नाही हे खरंच आहे. शिफ्ट करून आलेल्या पोरीला मी कधी पोळपाटापुढं बसवलं नाही. तिनं मला बजावलं होतं, "आई, हे शेवटचं. यानंतर मी कुणासमोर बसणार नाही." ती एकदा बोलली की बोलली. त्यामुळं माझा जीव टांगणीला लागला होता, आणि जीव टांगणीला लागलेली बाई काय वाटेल ते करते, पास्तासुद्धा.

जाऊबाई वाकडहून गाडीत स्वतःचा ओव्हन घालून आल्या. पास्ता म्हणजे शिंपल्याच्या आकाराचं विकतचं वाळवण. ते उकडायचं, त्यात पनीर, चीज आणि पालक कुस्करून भरायचं, टोमॅटोच्या रश्शावर मांडायचं, वरून पुन्हा चीज किसायचं आणि भाजायचं. मी भरायला बसले आणि हाताच्या सवयीनं एकेकाचं तोंड दाबून बंद केलं, कडेला मुरडही घातली. जाऊबाई किंचाळल्या, "अहो ताई, ते ओपनच ठेवायचं असतं!" करंजीचं तोंड उघडं ठेवलं असतं तर माझ्या आईनं चारचौघांत माझा उद्धार केला असता. पण मी मुकाट्यानं सगळ्या मुरडी सोडवल्या. निम्मे शिंपले त्यात फाटले. फाटलेले खाली दडपून चांगले वर मांडायचं तेवढं जाऊबाईंना बरोबर जमलं.

बरं, वार कोणता? गुरुवार. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून बघण्याचे कार्यक्रम गुरुवारी. आणि कंपन्या बंद, म्हणून वीजवाल्यांची दुरुस्तीही गुरुवारीच. आमच्या चिखलीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. मी दळण बुधवारी आणते, पाण्याची टाकी सकाळीच भरून घेते. जाऊबाईंच्या सोसायटीत जनरेटर आहे, त्यांच्याकडं गुरुवार येतच नाही. पहिला ट्रे आत गेला, ओव्हनच्या काचेतून जरा लाली दिसायला लागली आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

"येईल हो लगेच," जाऊबाई म्हणाल्या. मी फडताळातून तवा काढला.

तेवढ्यात पाहुणे दारात. मुलगा, त्याची आई आणि मध्यस्थ, म्हणजे आमच्या ह्यांच्या कंपनीतले जुने सहकारी. मी तो ट्रे तव्यावर ठेवला, वर परात पालथी घातली आणि कसाबसा गरम केला. खालून करपला, वरचं चीज किसलं तसंच पांढरं.

मुलाच्या आईनं एक शिंपला चमच्यानं उलटा केला, सुलटा केला. "ह्ये काय हाय म्हणायचं?"

जाऊबाईंनी मोठ्या कौतुकानं नाव सांगितलं.

"व्हय का," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं हळूच, "जरा लोणचं हाय का?" तेवढ्यापुरती मला ती बाई फार आवडली.

मुलगा मात्र खुलला. तिकडं चीज वेगळं असतं, सॉस असा नसतो, पास्ता दाताला जरासा लागला पाहिजे, तिकडची माणसं हे बघून रडतील. समोर बसून लेक ऐकत होती. या मुलाला तिकडं मशीन शिकवलं की नुसतंच जेवायला घातलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी उठले आणि पोहे केले. गॅसला वीज लागत नाही. फोडणीचा वास बाहेर गेला तसं इटली बंद पडली. मुलानं मागून घेतले. त्याच्या आईनं लिंबू पिळत विचारलं, "झ्याक झाल्यात. कुणी केल्यात?"

"मुलीनंच केलेत हं!" जाऊबाई पटकन म्हणाल्या.

बघण्याच्या कार्यक्रमात हे म्हणायचंच असतं. माझ्या वेळी माझ्या चुलतीनं म्हटलं होतं. पण मुलगी सगळा वेळ त्यांच्या डोळ्यांसमोर सोफ्यावर बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी नाही केले," लेक म्हणाली. "आईनं केले. मला पोहे येत नाहीत आणि पास्ताही येत नाही."

"मंग शिकावं लागंल की गं बाई," मुलाची आई म्हणाली.

लेक मुलाकडं वळली. "तुम्हाला येत असेल ना पास्ता? एवढी माहिती आहे तर."

मुलगा हसला. "छे, मी कशाला करू? मी फक्त खाल्लाय. घरी तर मी पाणीपण हातानं घेत नाही."

"न्हाईच घेत," त्याची आई कौतुकानं म्हणाली. लोणच्यानं आलेली माझी माया तिथंच आटली.

संध्याकाळी लाइट आली. जाऊबाई फुगून निघून गेल्या होत्या, ओव्हन मागं राहिला होता आणि दुसरा ट्रे तसाच पडून होता. टाकवेना म्हणून भाजला. खोटं कशाला बोलू, मेला चांगला झाला होता. वर तांबूस, कडेला कुरकुरीत. आम्ही मायलेकी ओट्याशी उभ्यानंच खात होतो, तेव्हा मध्यस्थांचा फोन आला.

"अभिनंदन, वहिनी! मुलगी पसंत आहे. फक्त तिनं स्वयंपाक शिकून घ्यावा, एवढंच म्हणणं आहे त्यांचं."

इतके दिवस याच शब्दाची वाट बघितली होती. आनंद व्हायला हवा होता. लेकीनं फोनमधलं सगळं ऐकलं होतं. ट्रेच्या कोपऱ्यातलं चीज खरवडत, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "तू म्हणशील तर जाईन." माझी पोरगी अशा आवाजात कधी बोलत नाही. मला त्या आवाजाची भीती वाटली. हे स्थळ गेलं की दुसरं नाही, हेही मला ठाऊक होतं.

"आमच्याकडून नाही म्हणून कळवा," मी म्हणाले.

मध्यस्थ गडबडले. "अहो, पण कारण काय सांगू त्यांना?"

"सांगा, मुलाला स्वयंपाक येत नाही."